फोनवरून ऐकवलेला तंबोरा
लाखेच्या पॉलिशचा वास आला की मिरजेतलं आमचं तंबोऱ्यांचं दुकान आठवतं. नव्वदीच्या अखेरीस मी सायबर कॅफेतून फोटो पाठवले आणि परदेशातल्या एका मराठी गायिकेनं तंबोरा मागवला. आमचा निम्मा माल उचलणारा व्यापारी हे कळताच दारात उभा राहिला. “आवं, आवाज न ऐकता तंबोरा कोण घेतंय? परस्पर इकणार असाल तर माझी खरेदी बंद!” मी मनात आकडे मांडू लागलो. वडिलांनी मला गायिकेला फोन लावायला सांगितला, रिसीव्हर तंबोऱ्याच्या भोपळ्याशी धरायला लावला आणि व्यापाऱ्यासमोरच तारा छेडल्या. “हाच पाठवा,” पलीकडून आवाज आला. वडील त्याला म्हणाले, “ऐकला त्यांनी. या आता तुमी.” त्या वर्षी विक्री खरंच निम्म्यावर आली, पण आजही कितीदा हिशेब मांडला तरी मला त्यात तोटा दिसत नाही.