शिपाई वाकत नाहीत

एकट्यानं पत्त्यांचा डाव मांडला तर लोक काही म्हणत नाहीत. पण पन्नाशीला टेकलेला गणिताचा मास्तर टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडून बसला, की शेजारणी त्याच्या बायकोकडं दयेनं बघतात. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि सैन्य तेवढंच पुढं सरकवायचं, असा हा लढाईचा खेळ. हिंगोलीत तो खेळणारा मला दुसरा कुणी भेटला नाही, त्यामुळं दोन्ही बाजू मीच. जिंकलो तरी मी, हरलो तरी मी. खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला होता.

मग खेळाच्या मोबाईल ग्रुपवर एका जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलं, की ते बदली होऊन आमच्याच जिल्ह्यात, जवळा बाजारला आलेत. मला आधी थट्टाच वाटली. फोन केला तर ते म्हणाले, "माझ्याकडं सैन्य आहे, पण टेबलावर मांडून लढायला गाव न्हाई. मागं एकाकडं गेलो होतो, तर घरं शिपायांच्या कमरेएवढी. मजाच गेली. परत गेलो न्हाई." मी फुशारकीनं सांगून टाकलं, की उन्हाळी सुट्टी संपायच्या आत या, गाव तयार ठेवतो.

मला विकतची विलायती घरं नको होती. आपली माळवदाची हवी होती, सपाट मातीच्या छताची. म्हणून साखऱ्याला आईवडिलांकडं गेलो आणि आमच्याच घराला टेप लावला. आई म्हणाली, "इकायचं हाय का घर?" शिपाई खऱ्या माणसापेक्षा छप्पन्नपट लहान, म्हणून भिंती, दार, खिडकी, सगळं छप्पन्ननं भागलं. पुठ्ठा कापला, डिंकात कालवलेली माती वरून लिंपली. सगळी सुट्टी त्यातच गेली.

डॉक्टर रविवारी येणार होते. शुक्रवारी रंग वाळला आणि मी पहिल्या घरासमोर शिपाई उभा केला. त्याची टोपी चौकटीच्या वर गेली.

"खुराडं केलं व्हय?" बायकोनं विचारलं.

हिशेब पुन्हा तपासला. कुठंच चूक नव्हती. अख्खी घरं मोठी करावीत तर चार घरांतच टेबल भरणार आणि लढायला जागा उरणार नाही. डॉक्टर येतील, बघतील, चहा पिऊन जातील आणि परत येणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. जेवण गोड लागेना.

शनिवारी किराणा घेऊन साखऱ्याला गेलो. डोक्यात हाच घोळ, त्यामुळं दारात शिरताना चौकटीवर कपाळ आपटलं.

"वाकून ये की," आई आतून म्हणाली. "चौकटीला काय म्हाईत तू मास्तर झालास?"

कपाळ चोळत मी उंबऱ्यावर बसलो आणि मला हसू आलं. या दारातून आमचं सगळं घर जन्मभर वाकूनच आत गेलं. दार खरंच ठेंगणं होतं आणि माझा भागाकारही बराबर होता, पण शिपाई वाकत नाहीत. शिवाय उभं राहावं म्हणून पायाखाली चिकटवलेल्या चकतीनं ते आणखी उंच होतात. घर मोठं करायची गरजच नव्हती. बघणारा माणसाशी ताडून बघतो ते दार, अख्खं घर कुणी मोजत नाही.

"लागलं का रे?"

"न्हाई. बरं झालं," मी म्हणालो. आई काळजीनं बघत राहिली.

घरी येऊन भिंती तशाच ठेवल्या आणि फक्त दारं वर कापून वाढवली. टोपीवर थोडी जागा सुटली आणि छातीवरचा धोंडा उतरला.

रविवारी डॉक्टर आले. त्यांनी डब्यातून एक शिपाई काढला आणि पहिल्या दारासमोर ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. टेबलाच्या कडेला डोळे लावून बघत राहिले. मी उगाच खिडकीचा पडदा नीट करत होतो.

"बराबर आहे," ते म्हणाले. "चला, फासे काढा."

मी सपाटून हरलो. दुसऱ्या कुणाकडून हरण्यात एवढं सुख असतं, हे मी विसरूनच गेलो होतो. निघताना डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा टेबलावरच ठेवला.

"सैन्य इथंच राहू द्या. दर रविवारी काहून वाहून आणायचं?"

बायकोनं फळीवरचा पापडांचा डबा खाली काढला आणि तिथं जागा केली.