कुठला परवा?

सुट्टी ठरवायला बसलं की माझं डोकं फिरतं. माल्टाला चार दिवस जायचं, एवढंच होतं. पासपोर्ट आता इथलाच, ब्रिटिश, म्हणजे व्हिसाची कटकट नाही. नवऱ्याची लीव्ह मंजूर झालेली. लंडनजवळच्या आमच्या मेडनहेडच्या आभाळाने महिनाभर तोंड पाडलेलं. तरी मी रोज तीच फ्लाइट उघडायची, शेवटच्या पानापर्यंत जायची आणि लॅपटॉप मिटायची. कधी हॉटेल समुद्रापासून लांब वाटायचं, तर कधी फारच जवळ.

"तुला जायचंय की नाही?" नवऱ्याने विचारलं.

"जायचंय म्हणून तर बघतेय ना."

"बघतेयस कुठे? तेच ते दळण दळतेयस."

खरं कारण दोघांनाही माहीत होतं. या देशात आल्यापासून आमची प्रत्येक मोठी सुट्टी पुण्याला, आईबाबांकडे गेली. त्यात अलीकडे बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली होती. अशा वेळी मुलगी उन्हात लोळायला कुठल्याशा बेटावर चाललीय, हे मला आईला सांगवत नव्हतं. ती "जा की" म्हणाली असती, आणि त्या "जा की"चा सूर नेमका कसा होता यावर मी पुढे आठवडाभर डोकं खाजवलं असतं. म्हणून मी सांगितलंच नव्हतं.

एका सकाळी लंडनच्या ट्रेनमध्ये असताना आईचा फोन आला. महत्त्वाचं बोलणं सगळ्यात शेवटी काढायचं, ही तिची जुनी खोड. आधी सोसायटीची लिफ्ट, मग कामवाल्या बाईंच्या मुलीचं लग्न, आणि मग म्हणाली, "बरं, ऐक, बाबांची परवाची अँजिओग्राफी..." आणि रेंज गेली.

रेंज आल्यावर मी फोन लावत सुटले. आईचा वाजतोय, उचलत नाही. बाबांचाही तसाच. पुढच्या स्टेशनला उतरले, परतीची ट्रेन पकडली आणि बूट न काढता घरात शिरले. नवरा वर्क फ्रॉम होम करत होता.

"परवा बाबांची अँजिओग्राफी आहे. मी आजच निघते."

त्याने हेडफोन काढला. "परवा म्हणजे कुठला परवा?"

"म्हणजे?"

"गेलेला की येणारा?"

लॅपटॉप त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. घर पेटलं तरी हा माणूस आधी विचारील, नेमकी कुठली खोली? "झालेली असती तर मला सांगितलं नसतं का?" मी ओरडले.

आठवडाभर माल्टापाशी अडखळणारी माझी बोटं मुंबईच्या तिकिटावर भराभर चालायला लागली. एकीकडे बॅगेत कपडे कोंबत होते. तिकीट काढणार इतक्यात बाबांचा फोन आला.

"बाबा, मी निघतेय. मी पोचेपर्यंत डॉक्टरांना थांबायला सांगा."

"कशासाठी थांबायचं? परवाच झाली की."

"झाली?"

"हो. एक स्टेंट टाकला. आत्ता दाखवायला गेलो होतो, फोन घरीच राहिले. तुझ्या आईला म्हटलं होतं, सगळं उरकल्यावरच सांग. उगाच तू तिकडे कासावीस होणार."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. बाबा सांगत होते, हॉस्पिटलच्या कागदांवर आईने सही केली होती, डबा शेजारच्या काकूंनी पोचवला होता. माझ्यावाचून कुणाचंच काही अडलं नव्हतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं. त्या भरात मी बोलून गेले, "आणि मी इथे माल्टाची तिकिटं बघत बसले होते."

"माल्टा? हे कुठे आलं?"

"बेट आहे. ऊन असतं तिथे. पण आता नाही जात आम्ही. मी तुमच्याकडेच येते."

बाबा म्हणाले, "समोरच्या बिल्डिंगमधले काका आठवतात? हार्ट अटॅक आला होता त्यांना. मुलगा अमेरिकेहून न कळवता आला. त्याला दारात बघितलं आणि काका मला म्हणाले, 'संपलं बघा आपलं.' चांगले सुधारत होते ते. तू आता बॅग घेऊन दारात उभी राहिलीस, तर मीही तेच म्हणेन."

"बाबा, काहीतरीच काय बोलताय?"

"माझं सोड. तुझी आई परवापासून धड जेवलेली नाही. डॉक्टर सांगतात सगळं ठीक आहे, पण तिला पटत नाही. पोरगी मजेत फिरायला गेली म्हटलं, तर पटेल."

मी फोन ठेवला. मुंबईचं पान स्क्रीनवर तसंच उघडं होतं. नवरा दारात उभा होता. त्या दुपारी मी माल्टाची तिकिटं काढली. आईबाबांसाठी मला करता येण्यासारखं एवढंच होतं की त्यांच्याकडे जायचं नाही. धावत जाणं सोपं होतं.