दोरीवर नसलेली घोंगडी

दाभोळहून बोटीने घरी आलो, तर मागच्या दोरीवर घोंगडी नव्हती. पाळीचे तीन दिवस बायको पडवीत त्या घोंगडीवर बाहेर बसे आणि चौथ्या दिवशी न्हाली की घोंगडी धुऊन वाळत पडे. मागच्या खेपेलाही दोरी मोकळीच होती. मी मनाशी ताळा जमवला आणि हिला एका शब्दाने न विचारता बाजारातून पेढे आणले. शेजारच्या काकूंच्या हातावर एक ठेवलाही.

"कसले हो?"

"कळेल," म्हणालो आणि मिशीतल्या मिशीत हसलो. ती मिशी अर्धी पांढरी झालीय, हे काही आठवलं नाही.

आम्हांला मूल नव्हतं. मी दाभोळ बंदरावर कारकून, बिऱ्हाड रत्नागिरीत. न्हाणं झालं की लगेचचेच दिवस फळाचे, असं आईचं ठाम मत. म्हणून माझी रजा त्याच बेताने. साहेब विचारीत, "तुमच्याकडे दर महिन्याला कोण आजारी पडतं हो?" ते मोजके दिवस संपले की मी परत बंदरावर. आई गेली, तरी तिचा नेम आम्ही मोडला नाही.

हिने पेढ्यांचा पुडा न उघडताच फडताळात ठेवला. मग म्हणाली, "आधी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

बाईंनी तपासलं. "दिवस गेलेले नाहीत. पाळी जायची वेळ आलीय. बीज पिकणंच थांबत आलंय." मी, शहाणा, त्यांना रजेचा नेम सांगितला. त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाल्या, दर महिन्याची पाळी संपली की गर्भाशयाचं अस्तर नव्याने भरू लागतं. बीज सुटतं ते बहुधा दोन पाळ्यांच्या मध्यावर आणि टिकतं जेमतेम दिवसभर. गर्भ राहिला नाही की तेच अस्तर पाळीवाटे जातं.

"आम्हां डॉक्टरांनाही हे अलीकडेच नीट कळलंय," त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे बीज यायचं तेव्हा मी दाभोळला गलबतांची आवक लिहीत बसलेला. दर महिन्याला, नेमाने.

घरी आल्यावर हिने घोंगडी झटकून माळ्यावर टाकली.

"काकूंना काय सांगू?" मी विचारलं.

"सांगा, बढती मिळाली." मग मोकळ्या पडवीकडे बोट करून म्हणाली, "तिथं बसायचे तेव्हा रडू यायचं खरं. पण पुढचा महिना असायचा हो."