स्किन कलरची बाही

देवघराच्या कोनाड्यात काजळी धरते, तसे माझ्यापाशी किस्से धरले आहेत. ते जमवायला मी गेले नव्हते. मी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून नाशिकमधल्या आमच्या रोलर स्केटिंग क्लबने पोशाखतपासणी माझ्यावर सोपवली. फिगर स्केटिंगमध्ये चाकांवर गिरक्या घेतात. पण पोशाख सभ्य नसेल, किंवा त्यावरचे काही खाली पडले, तर गुण कापतात. हे नियम मला पटले. काजळी मात्र माणसांनी धरवली.

*

एका आईने मुलीच्या झग्यावर तसूभर जागा न सोडता टिकल्या लावल्या होत्या. पहिल्याच गिरकीत त्या चौफेर उडाल्या.

"शिवल्या नव्हत्या?" मी विचारले.

"चिकटवल्या, बाई. आमच्या गणपतीच्या मुकुटावर वर्षभर टिकतात."

"गणपती गिरक्या घेत नाही."

*

पंचवटीतल्या पुरोहितांचा नातू मुंज होऊन आठवड्याने सरावाला आला. डोके चकोट, मागे शेंडी. आमच्या प्रशिक्षक सरांचा दंडक असा, की केस जेल लावून चापून बसवलेले हवेत.

"सर, जेल कुठे लावू?"

"शेंडीला. उडता कामा नये."

आजोबा बाकावरून म्हणाले, "आमच्या शेंडीला गाठ असते. ती उडत नाही."

ती उडाली नाही.

*

क्लबमधली सर्वांत गुणी मुलगी ईश्वरी. वडील दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. तिचा दोष एकच: ती हसत नसे.

सर म्हणाले, "परीक्षक चेहरा बघतात. सतत हसायचं."

"पडले तरी?"

"पडलीस तर जास्तच."

पुढच्या सरावात ती जोरात आपटली आणि पडल्या पडल्या प्रसन्न हसली. वडील कठड्यावरून ओरडले, "अगं, लागलं का नाय ते तरी सांग!"

*

जिल्हा स्पर्धा आली; तिथेही पोशाखतपासणी माझ्याकडेच होती. पहिली येणारी मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती, आणि या वयोगटातले ईश्वरीचे हे शेवटचे वर्ष होते. स्पर्धेच्या नियमात पूर्ण बाह्या सक्तीच्या होत्या; त्या स्किन कलरच्या जाळीच्या हव्यात, असे सरांनी सांगितले. कापड सभ्य निघावे म्हणून मी दुकानात सोबत गेले. दुकानदाराने फिकट गुलाबी जाळी पसरली.

वडिलांनी ती ईश्वरीच्या सावळ्या हातावर ठेवून पाहिली. "हे कुणाच्या स्किनचं?"

"काका, स्किन कलर हाच येतो."

"मग हिचा कोणता?"

दुकानदाराने फडताळातले सगळे तागे उलटेपालटे केले. शेवटी वडिलांनी तेच कापड घेतले.

सरांनी उपाय सुचवला. "तोंडाला, हाताला पावडर लावू. जुळेल."

"मी नाही लावणार," ईश्वरी म्हणाली.

"हे कोणत्या नियमात आहे?" मी सरांना विचारले.

"नियमात नाही, बाई. परीक्षकांच्या डोळ्यांत आहे."

"मग पावडर त्यांच्या डोळ्यांना लावा." आणि ईश्वरीला बजावले, "मात्र उघड्या हातांनी आलीस, तर मी उतरू देणार नाही."

*

स्पर्धेच्या दिवशी ईश्वरी माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही हात खांद्यापासून उघडे.

माझा जीव हळहळला. पण नियम तो नियम. "या पोशाखात उतरता येणार नाही," मी म्हणाले आणि तक्ता पुढे ओढला. सर धावत आले. ईश्वरी, शिकवल्याप्रमाणे, हसत राहिली.

वडील म्हणाले, "बाई, लिहायच्या आधी एक चिमटा काढून बघा."

मी काढला. चिमटीत बाही आली. मी वाकून नीट पाहिले, आणि नाकाला वास आला.

"चहा?"

"पाच उकळ्या दिल्या, बाई. दर उकळीला पोरीचा हात शेजारी धरून बघितला."

मी तक्त्यावर लिहिले: पोशाख सभ्य. बाह्या पूर्ण.

स्केट्सच्या नाड्या आवळत ईश्वरी म्हणाली, "आजी आलं टाकणार होती. आई म्हणाली, नको, बाई वास घेऊन बघतील."