टेबलाची माझी बाजू

वडिलांसाठी मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली आणि तीच नडली. बारा बटणांची एक पेटी करून दिली. एका माणसानं एका जागी बसून तीन छोट्या आगगाड्या एकाच रुळांवर, एकाच वेळी, वेगवेगळ्या वेगानं चालवायच्या, अशी ती युक्ती. आता असलं दुकानात मिळतं म्हणे. ऐंशीच्या दशकात हुबळीत कुणी पाहिलंही नव्हतं, आणि मला त्याची इतकी घमेंड होती की काय सांगू!

अप्पा स्टेशन मास्तर. धारवाडच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी, दिवसाला चार गाड्या थांबणाऱ्या स्टेशनांवर त्यांची निम्मी नोकरी गेली. मी नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हा त्यांनी हातापाया पडून हुबळीला बदली करून घेतली. आणि मग आम्ही दोघं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकमेकांकडे बघत बसलो. बायकोशीच धड न बोललेला माणूस नऊ वर्षांच्या पोरीशी काय बोलणार? "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." संपलं. उरलेली संध्याकाळ ते पेपर वाचायचे आणि मी त्यांच्या पेपरची मागची बाजू.

त्याच वर्षी शेजारचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचा परदेशी निघाला. जाताना तो एक लाकडी खोकं आमच्याकडे ठेवून गेला. आत विजेवर चालणारी खेळण्यातली तीन इंजिनं, डझनभर डबे आणि रुळांचे तुकडे. अप्पांनी रविवारभर खपून खोलीच्या मधोमध एक मोठं टेबल उभं केलं आणि त्यावर लंबगोल रूळ ठोकले. मला वाटलं, आता गाडी गोल गोल फिरणार आणि आपण टाळ्या वाजवणार. छे! मास्तरच्या घरात गाडी अशी उगाच फिरत नसते.

त्यांनी रूळ बरोबर मधोमध कापले. अलीकडची बाजू त्यांचं स्टेशन, पलीकडची माझं. दोन्ही बाजूंना वीज वेगळी, वीज कमी-जास्त करायची खुंटी वेगळी. त्यांची गाडी माझ्या हद्दीत शिरली की ती मीच चालवायची, आणि मी खुंटी फिरवली नाही तर ती सांध्यावर मरून पडायची. म्हणून गाडी सोडण्याआधी विचारायचं. खऱ्या रेल्वेत विचारतात तसंच. ते एक घंटी वाजवायचे आणि टेबलापलीकडून अगदी गंभीर आवाजात म्हणायचे, "मास्तर, लाईन क्लिअर?"

मी लाईन मोकळी आहे का ते बघायची आणि म्हणायची, "लाईन क्लिअर. प्रायव्हेट नंबर सत्तावीस."

हा प्रायव्हेट नंबरही खऱ्या रेल्वेतलाच. पुढचा मास्तर गाडी घ्यायला तयार झाला की तो एक दोन आकडी नंबर सांगतो आणि पहिला तो वहीत लिहून ठेवतो. नंबर मिळाला नाही तर गाडी हलवायची नाही. पंतप्रधान गाडीत बसलेले असले तरी नाही, असं अप्पा म्हणायचे. अप्पांनी माझ्यासाठी त्या नंबरांचा कागद स्वतः आखून दिला होता.

पण मी कसली कागदाला धरून चालते! सहावीत गणितात चौतीस मार्क पडले. तोंडानं सांगायची छाती होईना. संध्याकाळी घंटी वाजली तशी मी म्हटलं, "लाईन क्लिअर. प्रायव्हेट नंबर चौतीस." अप्पांनी माझ्याकडे बघितलं. चौतीस त्या कागदावर नव्हताच. "चौतीस," ते म्हणाले, वहीत लिहिलं आणि गाडी सोडली. त्या दिवशी गणिताचे मार्क मिळणार हे त्यांना ठाऊक होतं; गाडी माझ्या स्टेशनात येईपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते मला गणित शिकवायला लागले.

मग आमचं सगळं त्या टेबलावरूनच चाललं. कॉलेजात असताना एक स्थळ आलं. पाहुणे रविवारी यायचे होते. आदल्या संध्याकाळी अप्पांनी तीनदा घंटी वाजवली आणि मी तिन्ही वेळा "लाईन क्लिअर नाही" म्हणाले. ते उठले, चपला घातल्या आणि जाऊन पाहुण्यांना नको म्हणून आले. का, कशाला, एका शब्दानं विचारलं नाही. नात्यातल्या बायका मला आगाऊ म्हणायच्या आणि अप्पांना भोळसट. म्हणू देत की. त्यांच्या घरात कुणी कुणाला विचारून काही करत नव्हतं.

अप्पा रिटायर झाले आणि आम्ही हुबळीतच नवनगरात राहायला गेलो. घर लहान, पण टेबल पुन्हा मधोमधच मांडलं. त्याला वळसा घालूनच स्वयंपाकघरात जावं लागायचं. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. बेंगळूरला नोकरी मिळाली, आणि त्या दिवसापासून मला एकाच गोष्टीनं पोखरायला सुरुवात केली. मी गेल्यावर हा माणूस काय करणार? शेजारी बसून गप्पा मारण्यातला तो नव्हे. देवळात जाण्यातलाही नव्हे. आणि गाड्या चालवायच्या तर समोर दुसरा मास्तर पाहिजे.

मी इंजिनियर ना! मला वाटलं, हा प्रश्न सर्किटचा आहे.

जुन्या पद्धतीत रुळांतली वीज वाढवली की त्यावरची सगळी इंजिनं एकदम जोरात पळायची, म्हणून एका भागात एकच गाडी. मी ते उलटं केलं. रुळांत वीज कायम पूर्ण ठेवायची, आणि त्या विजेबरोबरच पेटीनं आकडे पाठवायचे. प्रत्येक इंजिनामागच्या डब्यात मी एक सर्किट बसवलं. आपला नंबर आला की त्यानं ऐकायचं, दुसऱ्याचा आला की गप्प राहायचं. बटण दाबून सांगितलं की एक नंबर हळू, दोन नंबर जोरात, तीन नंबर थांबलेली. चार महिने मी त्यात घातले. सोल्डरिंगनं बोटं भाजली. शेवटी मधले कापलेले सांधे तारेनं जोडून टाकले आणि माझ्या बाजूची खुंटी काढून घेतली. आता तिचं काही काम नव्हतं.

तिन्ही गाड्या एकदम सुरू केल्या तेव्हा मी आनंदानं ओरडलेच. अप्पा खुर्चीत पुढे सरकून बघत होते. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "झकास. मग लाईन क्लिअर कुणाकडून घ्यायचा?"

"कुणाकडूनच नाही अप्पा. तीच तर गंमत!"

"आणि पलीकडचा मास्तर?"

"लागतच नाही."

"असं कसं? समोर माणूस नाही आणि गाडी सोडायची?"

चार महिन्यांची मेहनत, आणि या माणसाला घंटी पाहिजे! माझं डोकं फिरलं. "समोर माणूस बसणारच नाहीये अप्पा! पुढच्या आठवड्यापासून मी बेंगळूरला. मग काय रिकाम्या खुर्चीला विचारणार आहात लाईन क्लिअर?"

माफी मागायचं मला काही सुचलं नाही. गाड्या फिरतच होत्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "खरं आहे तुझं. दोन नंबरचं बटण कुठलं म्हणालीस?"

जाण्याआधी चार दिवस मी त्यांना शिकवलं. त्यांनी एकेक गोष्ट वहीत लिहून घेतली. बेंगळूरला त्यांचं दर पंधरवड्याला पोस्टकार्ड यायचं. प्रकृती ठीक, पाण्याचा त्रास आहे, गाड्या व्यवस्थित चालू. मी ते ऑफिसात मैत्रिणींना वाचून दाखवायची. माझ्या वडिलांना एकटं वाटू नये म्हणून मी काय केलं माहीत आहे का, अशी सुरुवात करून. काय अक्कल म्हणायची ही!

दिवाळीला घरी आले. दारातून थेट स्वयंपाकघरापर्यंत दिसत होतं. टेबल भिंतीला लावलेलं होतं. मी बसायची ती लांब बाजू भिंतीला चिकटलेली. माझी खुर्ची चुलीजवळ होती आणि तिच्यावर पिठाचा डबा.

"जागा मोकळी झाली बघ," अप्पा म्हणाले. "ये, तुला दाखवतो."

त्यांनी तिन्ही गाड्या सोडल्या, आणि काय चालवल्या! एक स्टेशनात शिरतेय, दुसरी तिच्यासाठी बाजूच्या रुळावर थांबलीय, तिसरी वळणावर वेग कमी करतेय. बटणांकडे बघतही नव्हते. ती पेटी मी केली होती, पण मला ते जन्मात जमलं नसतं. मी त्यांच्या पाठीशी उभी राहून वाट बघत होते. कशाची, ते सांगायला नको. त्यांनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"अप्पा, मी काय करू?"

"तू? तू बस की. प्रवासानं दमली असशील."

मी मागच्या अंगणात जाऊन उगाच बादलीत पाणी सोडलं. शेजारच्या अक्का कुंपणाशी आल्या. कन्नडमध्ये माझी विचारपूस केली आणि हसत हसत सांगायला लागल्या. "अय्य यव्वा, तुझा अप्पा म्हणजे! तू गेल्यावर दोन महिने काय करायचा माहितीय? घंटी वाजवायचा, उठायचा, टेबलाला वळसा घालून तुझ्या खुर्चीत जाऊन बसायचा. तिथून काहीतरी नंबर सांगायचा, परत आपल्या जागी यायचा आणि वहीत लिहायचा. मग गाडी! आमच्या घरातली पोरं खिडकीतून बघून हसायची. एक दिवस तोल जाऊन टेबलाच्या कोपऱ्यावर पडला, गुडघा सुजला. मग मीच ओरडले त्याला. दुसऱ्या दिवशी बघते तर टेबल भिंतीला."

अक्का आत गेल्या आणि मी नळ सोडून रडले. अगदी हुंदके देऊन. स्वतःचा राग आला, आणि त्यांचाही. एवढी पोस्टकार्डं लिहिली, त्यात एक ओळ नाही लिहिता आली? आणि लिहिली असती तर मी काय केलं असतं? नोकरी सोडून आले असते? नसते आले. ते त्यांनाही माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. जी माया त्यांना तोंडानं कधी बोलता आली नाही, ती बोलायची एकच जागा आमच्याकडे होती. ती मी स्वतःच्या हातानं, शाबासकीसाठी, मोडून टाकली होती.

तोंड धुऊन आत गेले. अप्पा गाड्यांना तेल घालत होते. मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "अप्पा, टेबल परत मधे घेऊ या का? ते सांधे मी तोडून देते पुन्हा. खुंटी आहे माझ्याकडे. मी आहे चार दिवस. दोघं चालवू."

त्यांनी तेलाची कुपी बाजूला ठेवली. टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला क्षणभर वाटलं, हो म्हणणार.

"नको," ते म्हणाले. "चार दिवसांसाठी कशाला? तू गेलीस की परत भिंतीला लावायचं मलाच. एकट्याला फार जड जातं ते, पोरी."