वृंदावनातली नवरी

आता कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा पाजलात, तर ऐका. मी एकदा भर मंडळींत देवाचं लग्न भलतीशीच लावून दिलं!

तेव्हा मी रत्नागिरीला कचेरीत कारकून. बागेचा शौक भारी, पण कुदळीशी वैर. माझं एकच शास्त्र: पाणी घालायचं नाही, छाटायचं नाही, आपणहून वाढेल तेवढं वाढू द्यायचं. परसात भोपळा न्हाणीवर चढलेला, मिरची पाखरांनी पेरलेली, कुंपणाच्या दगडी गडग्यावर कारली लोंबणारी. लोक रान म्हणत. मी म्हणे, हा माझा स्वभावच बाहेर उगवलाय!

वैशाखात बायको बाळंतपणाला माहेरी आंजर्ल्यास गेली. सोबतीला माझी धाकटी बहीण यमू. निघताना बायको म्हणाली, "अहो, परसाचं काय हवं ते करा, पण तुळशीला तेवढं रोज पाणी घाला हो."

घातलं का? शास्त्र आड आलं! तुळस वाळून काडी झाली. पण पावसाळ्यात त्याच वृंदावनात नवं रोप तरारलं, हा हा म्हणता कमरेएवढं झालं. म्हटलं, बघा, रुसलेली तुळस आपणहून परत आली!

कार्तिकात तुळशीच्या लग्नाला चिपळूणच्या एक बाई यायच्या होत्या. त्यांच्या मुलासाठी यमूचं चाललं होतं, घर बघून त्या काय ते सांगणार होत्या. यमूची दोन स्थळं आधीच फिसकटलेली. हेही गेलं असतं तर तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

मी एकट्यानं ऊस रोवला, चिंचा-आवळे ठेवले, नवरीला हिरव्या खणानं पार झाकून टाकलं. बायको आणि यमू बंदरावरून घरी पोचल्या त्या अंतरपाट धरायच्या वेळेला. भटजींची नजर अधू. मंगलाष्टकं झाली, बाळकृष्णावर अक्षता पडल्या.

मग चिपळूणच्या बाई नवरीची ओटी भरायला वाकल्या. खण घसरला. बाईंनी वास घेतला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"अगो बाई, ही तुळस कुठली? हा तर सब्जा!"

तेव्हा मला आठवलं. उन्हाळाभर मी ओसरीवर बसून सब्जाचं सरबत प्यायलो होतो, आणि उठायचा कंटाळा म्हणून पेल्याच्या तळाशी उरलेलं बी तिथेच समोरच्या वृंदावनात ओतलं होतं!

यमू रडवेली झाली. भटजी पोथी मिटेनात.

"आता ह्या लग्नाचं काय?" बाईंचा आवाज कडक. मी मेल्याहून मेलेला.

बायको तान्ह्याला खांद्यावर थोपटत हळूच म्हणाली, "अंतरपाट दूर झाल्यावरच कळायचं हो. माझंही तसंच झालं."

बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग अशा हसत सुटल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"यमू आमची झाली हो! अशी वहिनी असलेल्या घरची मुलगी हवीच आम्हाला. पण एक सांग गो, असल्या माणसाशी संसार तू करतेस तरी कसा?"

"ह्यांच्याच शास्त्रानं," बायको म्हणाली. "पाणी घालायचं नाही, छाटायचं नाही. आपणहून वाढतील तेवढे वाढू द्यायचे!"