वासाच्या कारणास्तव

आमच्या ऑफिसात मराठी नीट येणारी माणसं दोनच. एक मी, कारण मी मराठीची टंकलेखक होते आणि लोकांच्या चुका सुबक टाइप करण्याचाच मला पगार मिळायचा. दुसरे मालमत्ता अधिकारी मोकाशी. त्यांना मराठी इतकं खोलवर येतं हे मात्र ते स्वतः अडचणीत सापडेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. महापालिकेचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.

गोष्ट मोकाशींची नाही, सगुणाची आहे. सगुणा कोळीण. ऑफिसच्या फाटकाला लागून तिची टपरी होती. मी चौऱ्याऐंशी साली नोकरीला लागले तेव्हा ती आधीपासूनच तिथे होती, म्हणजे सेवाज्येष्ठता तिचीच. सकाळी चहा आणि कांदेपोहे, दुपारी तांदळाची भाकरी, जवळा, बोंबलाचं कालवण. सोमवारी आणि गुरुवारी वार पाळणाऱ्यांसाठी वेगळ्या भांड्यांत डाळभात आणि भाजी. मी ठाकुर्लीहून येताना डबा आणायची, आणि दुपारी तो तसाच पिशवीत ठेवून सगुणाकडे जेवायची. घरी डबा रिकामा न्यावा लागे, म्हणून तो आनंदा शिपाई संपवायचा.

तिचा नवरा भिवाजी खाडीत जाळं लावायचा. कारखान्यांचं पाणी खाडीत सुटायला लागल्यापासून जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त यायच्या. पूर्वी होडीवर घर चालायचं, आता टपरीवर होडी चालायची. तरी भिवाजी रोज भरतीची वेळ बघून जायचा. जाऊ नको असं सगुणाने त्याला कधी म्हटलं नाही. तिच्या लोकांत नवऱ्याने मासळी आणायची आणि बाजार बाईने करायचा अशीच रीत. त्यामुळे साहेब माणसाला ती कधी घाबरलेली मी पाहिली नाही. समोरचा अधिकारी असो की गिऱ्हाईक, तिच्या लेखी तो घासाघीस करायलाच आलेला असायचा.

मोकाशींना बुधवारी जवळा लागायचा. टपरीवर उभं राहणं त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. आनंदा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा, केबिनचं दार लोटलं जायचं आणि बुधवारी दुपारी कुणालाही साहेबांची भेट मिळायची नाही. फाटकाशी ती दिसली की मात्र साहेब थांबायचे. "मावशी, तुझ्या हाताला चव आहे हो!" मावशी त्यांच्यापेक्षा वयाने लहान होती.

चौऱ्याण्णव साली नवी इमारत उभी राहिली. समोरचा रस्ता रुंद होणार, फाटकापुढच्या टपऱ्या जाणार. पण तळमजल्यावर कँटीन होणार होतं, आणि अशी लहान कामं स्थानिक लहान व्यावसायिकांना, त्यातही बायकांना द्यावीत, असं वरून परिपत्रक आलं होतं. त्याच्या आमच्याकडच्या प्रती मीच टाइप केल्या होत्या, म्हणून जेवताना तिला सांगितलं. सगुणाने त्याच दिवशी ठरवलं. कँटीन मिळालं तर घर उभं राहणार होतं. नाही मिळालं तर होडी विकायची आणि भिवाजीने कुठल्यातरी गोदामावर रखवालदार व्हायचं.

"मालनताई, खाडीवरचे मानसाला स्टुलावर बसवला तर तो वरसात म्हातारा होईल," ती म्हणाली.

कँटीन पूर्ण शाकाहारी असावं अशी अट होती. "गिऱ्हाइकाला पायजे तो शिजवीन," असं म्हणून तिने ती मान्य केली. निविदा उघडल्या तेव्हा तिचा दर सगळ्यांत कमी निघाला. लेखा विभागातल्या पोरींनी तर नव्या कँटीनमध्ये कुठल्या टेबलाशी बसायचं तेही ठरवून टाकलं.

मग एका दुपारी माझ्या टेबलावर मोकाशींच्या हस्ताक्षरातला मसुदा आला. 'अर्जदाराची निविदा वासाच्या कारणास्तव नाकारण्यात येत आहे.' मी तो कागद घेऊन तशीच केबिनमध्ये गेले.

"साहेब, कसला वास?"

"मालनबाई, तुम्ही टाइप करा. कारणं मी बघतो."

बुधवार होता. समोर डबा उघडा होता. तेव्हा वास होता हे मीही नाकारत नाही.

सगुणा चौथीपर्यंत शिकलेली. तिने ते पत्र माझ्या टेबलाशी उभं राहून एकेक अक्षर लावत वाचलं. मग उजवा हात नाकाशी नेला, हुंगला आणि पदराखाली घेतला. पाटीभर मासळीचा भाव करताना हातवारे करून अख्खा बाजार हलवणारी बाई. तिला हात लपवताना मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ असा संताप आला की मशीन उचलून केबिनच्या दारावर घालावं. सरकारी मशीन होतं, म्हणून राहिलं.

"दहा वरसं खाल्ला तवा नाय आला वास?" ती म्हणाली. "तकरार कुठं करतात?"

तक्रार करायची सोय होती. जिन्याखाली 'समान वागणूक कक्ष' उघडलेला होता. कुणालाही जात, धर्म, बाई-पुरुष यांवरून पालिकेने डावललं तर तिथे दाद मागायची. कक्षप्रमुख महिपतराव उद्यान विभागातून आलेले. भला माणूस. त्यांनी कक्षात क्रोटनच्या कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्यांना वेळेवर पाणी घालत होते. आजवर त्यांच्याकडे लोक आले ते मुतारी कुठे आहे हे विचारायला. सगुणा तक्रार घेऊन आली म्हटल्यावर ते उठून उभेच राहिले. पंखा लावला. पाणी मागवलं.

"तुम्हाला कोळी म्हणून नाकारलं, की बाई म्हणून?" त्यांनी आस्थेने विचारलं.

"ते तुमी त्यांना इचारा. मना निसता वास लिवलाय."

महिपतरावांनी छापील अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. वासाचा रकाना नव्हता. शेवटी त्यांनी 'इतर' वर खूण केली आणि मोकाशींना नोटीस काढली.

मोकाशींची पाचावर धारण बसली. बढतीची फाईल वर गेलेली, आणि त्यात हे लचांड. पुढच्या बुधवारी डबा मागवला गेला नाही. गुरुवारी साहेबांनी माझ्याकडचा शब्दकोश मागून नेला. शुक्रवारी चेहरा असा खुलला होता की मला वाटलं बढतीच झाली.

"घ्या उत्तर," ते म्हणाले. मी शॉर्टहँडची वही उघडली. "सदर पत्रातील 'वास' हा शब्द वास्तव्य या अर्थी योजिला आहे. अर्जदाराने पालिका हद्दीतील वास्तव्याचा पुरावा जोडलेला नसल्याने, वासाच्या कारणास्तव, इत्यादी. कंसात उदाहरणं द्या. रहिवास, वनवास, अज्ञातवास."

"तुरुंगवासही घालू का, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "एवढी उदाहरणं पुरेत."

सुनावणी जिन्याखालीच झाली. मी टिपणं घ्यायला. सुनावणीला चहा हवा, आणि अजून चहा करणारी टपरी एकच. म्हणून तक्रारदारानेच चहा आणला, मोकाशींना बिनसाखरेचा वेगळा दिला आणि मग पदराला हात पुसून तक्रारदाराच्या खुर्चीवर बसली. मोकाशींनी चहा संपवून शब्दकोशाचं पान दाखवलं. महिपतराव ते वाचताना हळूहळू उजळत गेले. इतके दिवस त्यांना झोप नव्हती. सहकाऱ्यावर ठपका ठेवायचा तर जन्माचं वैर, आणि न ठेवावा तर कक्ष कशाला. आता कुणीच दोषी नव्हतं.

"म्हणजे हा सगळा गैरसमज!" ते म्हणाले. "बाई, साहेब तुमच्या वासाबद्दल नाही, तुमच्या राहण्याबद्दल बोलत होते."

सगुणाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "माजे सासऱ्याचा आजा त्या कोलीवाड्यान मेला, साहेब. आमी तुमचे पालिकेत नाय आलो. तुमची पालिका आमचे वाड्यान आली."

"अगदी बरोबर. त्याचाच दाखला आणा."

रहिवासाचा दाखला आमच्याच इमारतीत मिळायचा. लोकांना तो मिळता मिळता चपला झिजतात. सगुणाला जेवणाच्या सुट्टीआधी मिळाला. ज्या ज्या टेबलावरून तो गेला, ते प्रत्येक टेबल तिच्या हातचं जेवलेलं होतं. मला वाटलं, झालं. पण घोडं आणखी एका ठिकाणी पेंड खाणार होतं. महिपतरावांना प्रकरण निकाली काढायचं होतं, आणि निकाली काढायला तक्रारदाराचं निवेदन हवं होतं. त्यांनी मला अगदी मृदू आवाजात मजकूर सांगितला. 'वास या शब्दाचा अर्थ समजून घेण्यात माझी चूक झाली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली सगुणाची सही.

ती कागद घेऊन बाहेर पायरीवर बसली. मी मागोमाग गेले. फाटकाबाहेर टपऱ्यांवर चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या.

"सही नाय केली तर?"

"तक्रार वर जाईल. वरती तिचं काय होईल ते मलाही ठाऊक नाही. तोवर कँटीन दोन नंबरवाल्याला."

"आनि सही केली तर?"

"कँटीन तुझं. पण सगुणे, चूक तुझी नाहीये गं. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे."

"बाजारात कोनी भाव पाडून मागला तर मी पाटी उचलते नि चालायला लागते," ती म्हणाली. "आता ही पाटी उचलून जाऊ कुठं?"

तिने सही केली. चौथीतल्या मुलीसारखी, गोलगोल अक्षरांत, पूर्ण नाव. मला तिचा राग आला नाही. मला त्या शब्दकोशाचा राग आला, आणि तो तर माझाच होता.

सगळ्यांचं भलं झालं. समान वागणूक कक्षाच्या वार्षिक अहवालात 'प्राप्त तक्रारींपैकी सर्व निकाली' असं वाक्य आलं, तेही मीच टाइप केलं. मोकाशींना बढती मिळाली. सगुणाचं कँटीन असं चाललं की शेजारच्या बँकेतले लोकसुद्धा बटाटेवड्याला यायचे. फरशी लख्ख, भांडी लख्ख. गल्ल्यापाशी तिने साबणाची वडी आणि लिंबाची फोड ठेवलेली असायची. हात धुवून झाले की ती फोड बोटांवर घासायची. कुणी मोठा साहेब आत येताना दिसला की पुन्हा.

मोकाशी आता पहिल्या टेबलाशी बसून उघडपणे जेवत. शाकाहारी कँटीन म्हटल्यावर हुद्द्याला धक्का नव्हता. पण बुधवार आला की अस्वस्थ व्हायचे. एकदा गल्ल्याशी वाकून हळूच म्हणाले, "मावशी, घरून थोडा जवळा आणत जा की. आनंदा येईल डबा घ्यायला."

"नाय करत साहेब मी आता," सगुणा म्हणाली.

"रागावली आहे अजून," साहेब मला म्हणाले. "किती दिवस डूख धरायचा माणसाने?" मीही तेच समजले, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

वर्षभराने भिवाजीला जाळ्यात जिताडा मिळाला. खाडीत जिताडा मिळणं म्हणजे त्या काळात लॉटरीच. तो स्वतः ऑफिसात सांगायला आला. "ताई, संध्याकालला घरी या, होडी अजून काय देते ते बघा." मी खास थांबले. जिताड्याचं कालवण म्हणजे काय हे मला माहीत होतं. दुपारी जेवलेसुद्धा नाही.

कोळीवाड्यात शिरले तर वास आला खरा, पण तो शेजारच्या रंगूबाईच्या घरातून. जिताडा तिच्या चुलीवर होता. भिवाजी तिच्याच ओट्यावर बसून जेवत होता. माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. सगुणाच्या घरात चूल पुसून स्वच्छ, वर एकच पातेलं, बटाट्याची भाजी.

"हे काय गं?" मी म्हटलं. "त्याने एवढा जिताडा आणला आणि तू शेजारी दिलास?"

"उद्या कँटीन हाय ना."

"म्हणून घरात मासळी नाही?"

"शनवारी रातीला करते कधी. येरवी नाय." ती पाट मांडत होती. "रंगू देते त्याला. चांगली हाय बिचारी."

कोळ्याच्या घरात नवऱ्याला स्वतः धरलेली मासळी शेजारणीच्या ओट्यावर खावी लागत होती, आणि आमच्या कपाटात या प्रकरणावर 'निकाली' असा शिक्का होता. माझा तोल गेला. "सगुणे, अगं त्यांनीच लिहून दिलंय ना! मी स्वतः टाइप केलंय. वास म्हणजे मासळीचा वास नाही. वास म्हणजे राहणं!"

"त्येच तर," ती म्हणाली. तिने उजवा हात नाकाशी नेला आणि खाली घेतला. "मग र्‍हायलाय ना तो."

आणि माझ्या पानात बटाट्याची भाजी वाढली.